पिशवीबाहेरचा कॅमेरा

कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या काकांनी माझ्या कॅमेऱ्याचं, लेन्स जिथे बसते ते चकचकीत कडं सोडवलं, स्क्रू चुंबकाच्या तबकडीत ओळीने ठेवले आणि काही न बोलता भिंग माझ्याकडे सरकवलं. मी डोळा लावला. कड्याच्या खाली, जिथे एक पातळ पट्टी सर्किटमध्ये शिरते, तिथे हिरवट पूड साचली होती. मोहरीच्या दाण्याएवढी. तेवढ्याने कॅमेरा मेला होता.

"तांबं खाल्लंय," काका म्हणाले. "पाणी आत गेलं ते गेलं, वर तुम्ही तो चालू करून बघितलात. पाण्यात पडला होता?"

"नाही हो. भुरभुर होती नुसती. आणि हा वेदर सील्ड आहे, पाणी-धूळ रोखणारा, म्हणूनच तर घेतला होता."

काका हसले नाहीत. माझी लेन्स उचलून तिची मागची बाजू त्यांनी माझ्यासमोर धरली. "हिच्यावर रबर कुठाय?"

नव्हतं. मग त्यांनी खणातून दुसरीच एक लेन्स काढली. तिच्या धातूच्या कड्याभोवती काळ्या रबराची झालर होती, नखाने उचलली तर जेमतेम वर येईल इतकी पातळ. लेन्स बॉडीवर बसली की ही झालर दबते आणि फट बंद होते. माझ्या बॉडीचा बाकी बंदोबस्त चोख होता. बटणांखाली रबर, बॅटरीच्या झाकणाला रबर, कार्डाच्या झाकणाला रबर. फक्त वेशीचा दरवाजा सताड उघडा. दोन वर्षं मी त्या वेशीतून पाऊस आत घेत होतो आणि वर छातीठोकपणे सांगत होतो, "याला काही होत नाही."

दुरुस्तीचा आकडा ऐकून मी कॅमेरा तसाच उचलला. निघताना काका म्हणाले, "पुढचा घ्याल तो लेन्स बघून घ्या. आणि भिजला तर झाकण उघडायचं नाही. पावसातून सुखरूप आलेले कॅमेरे तिथे मरतात."

शेवटचं वाक्य मी ऐकलं आणि विसरलो.

नवा घ्यायचा म्हटल्यावर सगळे करतात तेच मी केलं. रात्र रात्र तुलनेचे तक्ते वाचले. तक्त्यांचा एक दोष असा, की प्रत्येक रकान्यात कुणीतरी वेगळंच पहिलं येतं, आणि सगळ्या पहिल्या नंबरांच्या मागे लागलेला माणूस शेवटी दीड किलोचं धूड घेऊन घरी येतो. असं धूड माझ्याकडे एके काळी होतं. आरशाचा कॅमेरा, म्हणजे डीएसएलआर, पुढे नळकांड्यासारखी लेन्स. त्याचे फोटो अजून भिंतीवर आहेत. पण ते सगळे मी फोटो काढायलाच म्हणून बाहेर पडलो त्या दिवसांचे. नुसता फिरायला गेलो, भाच्याबरोबर डोंगर चढलो, सायकलवर निघालो, त्या दिवसांचे फोटो फोनचे आहेत नाहीतर नाहीतच.

एका रात्री तक्ते बंद करून मी जुन्या प्रवासांचे फोल्डर उघडले. फोटो बघायला नव्हे, त्यांच्या वेळा बघायला. प्रत्येक फाइलवर काढल्याची वेळ असतेच. सकाळी सात ते नऊ एकशे चाळीस फोटो, आणि मग एकदम दुपारचे दोन. दुसऱ्या प्रवासात साडेअकरा ते चार काहीच नाही. मधे काय झालं होतं ते मला लख्ख आठवत होतं. एकदा पाऊस आला होता. एकदा चढ इतका खडा होता, की दोन्ही हात लागत होते. एकदा वाऱ्याने माती उडत होती आणि भाचा उतारावरून बसल्या बसल्या घसरत खाली येताना खिदळत होता. पूर्ण प्रवासातलं मला आजही आठवतं ते तेवढंच, आणि त्याचा फोटो नाही. कॅमेरा पिशवीत होता.

तेव्हा प्रश्नच बदलला. कोणता कॅमेरा चांगला हे सोडून मी एकच विचारायला लागलो: हा पिशवीत कधी जाईल? जड असेल तर चढावर जाईल. पाण्याला भिणारा असेल तर ढग बघून जाईल. फोकस लागायला वेळ घेणारा असेल तर दोन-तीनदा हुकल्यावर वैतागून मीच आत टाकीन. आटोपशीर, पाण्याला न भिणारा आणि चपळ, या तीन वेगळ्या मागण्या आहेत असं मला इतके दिवस वाटत होतं. फोल्डरमधल्या त्या मोकळ्या तासांना मात्र तिन्हींचं कारण एकच दिसत होतं.

आधी वजन. आरसा गेल्यामुळे कॅमेरे लहान झाले असं सरसकट बोललं जातं, ते अर्धंच खरं. आरशाला हलायला जागा लागायची, म्हणून लेन्सचं कडं आणि फिल्म यांच्यात अंतर ठेवावं लागे. निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये (माउंट म्हणजे लेन्स बसवायचं हेच कडं) ते ४६.५ मिलिमीटर होतं, आताच्या झेड माउंटमध्ये १६ आहे. बॉडी चपटी झाली ती अशी. पण लेन्सला आरशाशी फारसं देणंघेणं नाही, तिला सेन्सर भरायचा असतो. ३६ बाय २४ मिलिमीटरचा फुल फ्रेम सेन्सर कोपऱ्यापर्यंत उजळायचा तर काच तेवढी लागणारच. म्हणून सोनीचा ए७सी २०२० मध्ये ५०९ ग्रॅमचा आला तेव्हा माझंही मन हललं होतं, पण फुल फ्रेमची एफ २.८ ची, म्हणजे भरपूर प्रकाश आत घेणारी, रोजच्या वापरातली झूम लेन्स एकटीच बहुधा सातशे ते नऊशे ग्रॅम भरते. नवरदेव सडपातळ, वऱ्हाड मात्र तेवढंच.

दुसऱ्या टोकाला मायक्रो फोर थर्ड्स. ऑलिंपस आणि पॅनासॉनिक यांनी २००८ मध्ये मिळून आणलेली ही पद्धत. सेन्सर १७.३ बाय १३ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळाने फुल फ्रेमच्या जेमतेम चौथा हिस्सा. ही गोष्ट कुणी लपवू नये. त्याच अॅपर्चरला, म्हणजे लेन्सचं छिद्र तेवढंच उघडं ठेवून, त्याच शटर स्पीडला सेन्सरवर एकूण प्रकाश चौथा हिस्साच पडतो आणि संध्याकाळी दाट झाडीत आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, चढवला की फोटोत रवाळपणा लवकर दिसतो. बदल्यात ३०० मिलिमीटरची लेन्स ६०० सारखी दूरचं जवळ आणते, आणि ती एका हातात मावते. ऑलिंपसचा ई-एम५ मार्क ३ बॅटरी-कार्डासकट ४१४ ग्रॅम, त्यावर १२-४५ एफ ४ ची सील केलेली लेन्स २५४ ग्रॅम. मिळून ६६८. त्या मोठ्या फुल फ्रेम लेन्सच्या एकटीच्या वजनाइतकं.

मधली वाट एपीएस-सी सेन्सरची. फुजीफिल्मचा एक्स-टी५ ५५७ ग्रॅम, सोनीचा ए६७०० ४९३ ग्रॅम, दोन्ही बॉड्या पाणी-धुळीचा विचार करून बनवलेल्या. प्रकाशाच्या हिशोबात हा सेन्सर मायक्रो फोर थर्ड्सपेक्षा दीडपटीहून थोडा जास्त, म्हणजे पाऊण स्टॉपच्या आसपास पुढे (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). माझा जीव बरेच दिवस इथे अडकला होता. सुटला तो लेन्सांची यादी वाचताना. काकांनी दाखवलेली ती झालर प्रत्येक लेन्सच्या बुडाशी आहे का ते मी आता शोधायचो. फुजीफिल्म लेन्सच्या नावातच डब्ल्यूआर, म्हणजे वेदर रेझिस्टंट, लिहितं, ते बरं. इतरत्र बारीक अक्षरांत, आडवळणाने लिहिलेलं असतं, आणि हलक्या, स्वस्त, प्रवासाला सोयीच्या म्हणून दाखवलेल्या लेन्सांमध्येच नेमकं ते नसतं. काहींना फक्त माउंटपाशी रबर असतं आणि झूमच्या रिंगखाली, नळीच्या सांध्यांत काहीच नसतं.

इथे थोडं रेंगाळतो, कारण वेदर सीलिंग या शब्दाइतका सैल शब्द कॅमेऱ्याच्या व्यवहारात दुसरा नाही. घड्याळावर खोली लिहिलेली असते, फोनवर आयपी६८ लिहिलेलं असतं. कॅमेऱ्यावर बहुतेक वेळा "धूळ व ओलावा रोखणारी रचना" एवढंच, आणि तळटीप अशी, की पूर्ण संरक्षणाची हमी नाही. वॉरंटीत पाण्याने झालेलं नुकसान सहसा धरत नाहीत. म्हणजे अंगावर रेनकोट घालून देतात आणि खिशात चिठ्ठी ठेवतात, की भिजलात तर आम्ही नाही.

आयपीचे आकडे मात्र सैल नाहीत. ती आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकातली भाषा आहे. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. एखाद्या जागी एक्स असेल तर ती चाचणी नोंदवलेली नाही एवढाच अर्थ. पाण्याचा १ म्हणजे सरळ वरून पडणारे थेंब. ३ म्हणजे उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत तिरका येणारा फवारा. ४ म्हणजे कुठूनही उडणारं पाणी. ५ म्हणजे नळीची धार. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ओएम सिस्टीमच्या, म्हणजे ऑलिंपसच्याच कॅमेऱ्यांच्या नव्या नावाच्या, ओएम-१ आणि ओएम-५ या दोघांनाही २०२२ मध्ये आयपी५३ असा स्पष्ट आकडा मिळाला, तोही सील केलेली लेन्स लावली असताना. ५३ मधला ५ सांगतो, की धूळ अगदीच शिरणार नाही असं नाही, पण काम बिघडवण्याइतकी शिरणार नाही. ३ सांगतो, की तिरक्या पावसाला हरकत नाही. नळाखाली धुवायचा नाही, ओढ्यात बुडवायचा नाही, लाटेसमोर धरायचा नाही. आकडा वाचला तेव्हा तो मला लहान वाटला. मग लक्षात आलं, डोंगरात माझ्या कॅमेऱ्याच्या वाट्याला येणारं पाणी नव्वद टक्के वेळा याच जातीचं असतं.

खरोखर पाण्यात जाणारे कॅमेरेही झाले आहेत. समुद्रसंशोधक कुस्तो यांच्यासाठी जाँ द वूटर्स यांनी कॅलिप्सो नावाचा कॅमेरा रचला, त्याचाच १९६३ मध्ये निकॉनोस झाला, आणि तो खोकं न घालता थेट समुद्रात जायचा. मिररलेसमध्ये, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत, निकॉनने २०१३ मध्ये १ एडब्ल्यू१ काढला. लेन्स बदलता येणारा आणि १५ मीटर खोल जाणारा. कल्पना इतकी सरस, की मी तेव्हा त्याचं पत्रक जपून ठेवलं होतं. पुढे २०१८ पर्यंत ती सगळी मालिकाच बंद झाली. पाण्यात जाणारा कॅमेरा हवा असं म्हणणारे पुष्कळ, घेणारे थोडे. मीही घेतला नव्हता.

सीलिंगबद्दल आणखी एक, जे मला काकांच्या टेबलाशीच कळलं. झूम करताना लांब होणारी लेन्स भात्यासारखी असते. बाहेर ओढली की हवा आत घेते, ढकलली की सोडते. रबर पाणी अडवतं, हवा पूर्ण अडवत नाही, नाहीतर झूमची रिंग फिरलीच नसती. म्हणून धुळीच्या वादळात उगाच झूम मागे-पुढे करत बसू नये. थंडीतून उबदार खोलीत आणताना कॅमेरा आधी हवाबंद पिशवीत घालून, मग आत न्यावा, म्हणजे दव पिशवीवर धरतं, काचेवर नाही. समुद्राच्या वाऱ्यात राहिल्यावर साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून घ्यावा, कारण पाणी वाळतं आणि मीठ राहतं. आणि रबर म्हातारं होतं. दहा वर्षांपूर्वीच्या सील्ड बॉडीकडून आज तीच अपेक्षा ठेवायची नाही, वापरलेला कॅमेरा घेणाऱ्यांनी तर नाहीच.

आता चपळाई. इथे माझं अज्ञान सगळ्यात जुनं आणि सगळ्यात खोल होतं. बॉडीत स्टॅबिलायझेशन आलं की हलतं सगळं थांबणार, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. २०१२ मध्ये ऑलिंपसने पहिल्या ई-एम५ मध्ये पाच अक्षांचं स्टॅबिलायझेशन बॉडीतच बसवलं, तेव्हा हात थरथरणाऱ्या आम्हा सगळ्यांना केवढा आनंद झाला होता. पण ते माझा हात स्थिर करतं, समोरच्याचा पाय नाही. ताशी ३६ किलोमीटरने जाणारा सायकलस्वार सेकंदाला दहा मीटर पुढे सरकतो. एक हजारांश सेकंदात एक सेंटिमीटर. १/१२५ ला आठ सेंटिमीटर. आठ सेंटिमीटरमध्ये चेहरा राहत नाही. तेव्हा शटर १/१००० च्या पुढेच ठेवायचं, नाहीतर मुद्दाम १/३० वर आणून त्याच्याबरोबर कॅमेरा फिरवायचा आणि मागचं सगळं वाहू द्यायचं. मधलं काही उपयोगाचं नाही. निदान मला जमलेलं नाही.

मी एक बॉडी दोन दिवसांसाठी भाड्याने आणली. भाच्याला म्हटलं, "तू पळ, मी काढतो."

"किती वेळा?"

"मला जमेपर्यंत."

"मामा, म्हणजे संध्याकाळपर्यंत," असं म्हणून तो बूट बांधायला बसला.

पहिल्या फेरीत मी खूश झालो. आवाज नाही, धक्का नाही, सेकंदाला वीस फ्रेम. घरी येऊन बघतो तर भाचा ठीक, पण त्याच्याबरोबर कॅमेरा फिरवल्यामुळे मागचे सगळे विजेचे खांब एका बाजूला कललेले, आणि पुढच्या फेरीत तो सायकलवर होता तिथे चाकं लंबगोल. इलेक्ट्रॉनिक शटरची ही करणी. सेन्सर सगळा एकदम वाचला जात नाही, वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. सावकाश सेन्सरला वरपासून खालपर्यंत यायला सेकंदाचा विसावा भाग लागला, तर तेवढ्यात सायकल अर्धा मीटर गेलेली असते. वरची ओळ एका जागची, खालची दुसऱ्या जागची. प्रत्येक ओळ १/२००० ची असून उपयोग काय? यांत्रिक शटरचा पडदा तेच अंतर सेकंदाच्या साधारण अडीचशेव्या भागात पार करतो, म्हणून त्यात चाक गोल राहतं.

याला उतारे निघाले आहेत. सोनीने २०१७ मध्ये ए९ आणला, त्यात सेन्सरलाच मेमरीचा थर जोडून वाचन इतकं वेगवान केलं, की सेकंदाला वीस फ्रेम काढताना व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, क्षणभरही काळा होत नव्हता. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर झालेल्या ए९च्या तिसऱ्या आवृत्तीत तर ग्लोबल शटर आलं, सगळा सेन्सर एका क्षणी. ही विद्या हळूहळू लहान बॉड्यांत उतरते आहे, पण अजून ती वजनाने आणि किमतीने जडच. आटोपशीर कॅमेरा घेणाऱ्याने पत्रकावरचे वीस-तीस फ्रेमचे आकडे बाजूला ठेवून यांत्रिक शटरला, फोकस सतत जुळवत असताना, सेकंदाला किती मिळतात ते बघावं. आठ-दहा पुष्कळ झाले. १८७८ मध्ये छायाचित्रकार मायब्रिज यांना पळत्या घोड्याचे चारी पाय एकदम हवेत असतात का ते पाहायला ओळीने बारा कॅमेरे आणि वाटेत दोरे लावावे लागले होते. आपल्या हातातल्या चारशे ग्रॅममध्ये त्यांची अख्खी ओळ मावते, आणि तरी आपण कुरकुरतो.

फोकसचं थोडक्यात. सेन्सरवर फेज डिटेक्शन हवं. नुसत्या कॉन्ट्रास्टवर चालणारा फोकस अंधारात पायरी शोधणाऱ्या माणसासारखा पुढे-मागे चाचपडतो, फेज डिटेक्शनला कोणत्या बाजूला आणि किती जायचं ते आधीच कळतं. चेहरा, डोळा, पक्षी, सायकल ओळखणारे कॅमेरे आता सर्रास आहेत, पण हेल्मेट-गॉगल घातलेला माणूस पावसातून येताना ते दाखवा आणि मग पैसे द्या.

दुसऱ्या दिवशी नशिबाने पाऊस लागला आणि कुठल्याही तक्त्यात नसलेल्या दोन गोष्टी कळल्या. मागच्या टच स्क्रीनवर थेंब पडले, की कॅमेऱ्याला ती बोटं वाटतात. फोकसचा चौकोन आपला आपण कोपऱ्यात जाऊन बसला होता आणि मी भाच्याऐवजी एका खडकाचे अत्यंत धारदार फोटो काढत होतो. दुसरं, व्ह्यूफाइंडरजवळ डोळा ओळखणारा एक बारीक सेन्सर असतो. त्यावर थेंब बसला, की कॅमेरा समजतो डोळा लावलाय, आणि मागचा स्क्रीन काळा होतो. कॅमेरा मेला म्हणून माझ्या पोटात गोळा आला. भाच्याने टीशर्टच्या कोरड्या टोकाने तो थेंब टिपला आणि उजेड परत आला. तेव्हापासून पावसात टच बंद, डोळ्याचा सेन्सर बंद, आणि दोन्ही बदल बटणाने करता येतात का हे मी बघून घेतो. डायल ओल्या, गारठलेल्या बोटांनी फिरतो का हेसुद्धा. छोट्या बॉडीचं हे दुखणं आहे. इतकी छोटी, की करंगळीला जागा नाही आणि बटणं वाटाण्याएवढी. आटोपशीरपणालाही हद्द असावी.

शेवटी मी कोणता घेतला त्याचं नाव सांगत नाही. नाव आलं, की बाकीचं कुणी वाचत नाही. लहान सेन्सरचा, आकड्यासकट सील केलेला, एक पिढी जुना घेतला आणि वाचलेल्या पैशांत लेन्स घेतली, बुडाशी काळी झालर असलेली. डब्यातून काढल्यावर पहिलं बोट मी तिच्यावरून फिरवलं. एफ ४ ची आहे. संध्याकाळी कमी पडते, ते मला मान्य. व्हिडिओ, मेगापिक्सेल, वेगवेगळ्या रंगछटा यांचा विचार मी केला नाही. ज्यांना त्याची गरज आहे त्यांनी करावा.

एका गोष्टीने मात्र मला लहान मुलासारखं वेड लावलं. दिसलेलं बोटापर्यंत पोहोचायला माणसाला सुमारे पाव सेकंद लागतो. तेवढ्यात पळणारा मीटरभर पुढे गेलेला असतो, म्हणून "आत्ता!" म्हणून काढलेला फोटो नेहमी "मघाशी"नंतरचा असतो. ऑलिंपसने २०१६ मध्ये ई-एम१ मार्क २ मध्ये प्रो कॅप्चर आणलं, आता तशी सोय इतरांकडेही आहे. बटण अर्धं दाबून धरलं, की कॅमेरा गुपचूप फ्रेम घेत आणि टाकत राहतो. पूर्ण दाबलं, की त्याआधीच्या काही फ्रेमही ठेवून देतो. इलेक्ट्रॉनिक शटरवर चालतं, तेव्हा खांब कलण्याची ती खोड इथेही आहे, म्हणून मी हे वापरताना कॅमेरा फिरवत नाही. जागा धरतो, चौकट ठरवतो आणि माणसाला चौकटीत येऊ देतो.

भाच्याच्या डोंगरी शर्यतीला मी असाच एका वळणावर बसलो होतो. वर निसरडा उतार, खाली चिखल. पाऊस तिरका, ६० अंशांच्या आतला असावा अशी आशा. आजूबाजूचे दोघं-तिघं आपापले कॅमेरे जाकिटात घालून झाडाखाली गेले. मी लेन्सच्या तोंडाशी हूड लावून, कॅमेरा गुडघ्यावर पालथा ठेवून थांबलो, कारण सील कितीही असलं तरी पुढची काच उघडीच असते आणि तिच्यावरचा एक थेंब अख्खा चेहरा पुसून टाकतो. माणूस दिसला, की कॅमेरा उलटा करायचा, अर्धं बटण, वाट बघायची. बॅटरी भरभर उतरत होती. दोन भरलेल्या बॅटऱ्या खिशात कोरड्या होत्या.

भाचा आला तो पळत आलाच नाही. वरच्या दगडावर पाय सरकला आणि तो बसल्या बसल्या, दोन्ही हात हवेत, घसरत थेट माझ्या चौकटीत. मी बटण पूर्ण दाबलं तेव्हा तो जवळजवळ थांबला होता. स्क्रीनवर लाल बॅटरी लुकलुकली आणि सगळं विझलं.

"लागलं का रे?"

"नाही. आलं का?" असं ओरडत तो उठून पुढे पळालासुद्धा.

रात्री खोलीवर मी कॅमेरा ओलसर फडक्याने पुसला, मग कोरड्याने, आणि टॉवेलवर ठेवला. भाचा पाय शेकत बसला होता.

"मामा, बॅटरी बदल ना. बघू तरी."

मी कॅमेरा दिव्याखाली तिरका धरला. बॅटरीच्या झाकणाच्या फटीत पाण्याचे थेंब एका ओळीत अडकून बसले होते, मणी ओवल्यासारखे. रबराच्या अलीकडे. झाकण उघडलं असतं तर ते सरळ पितळी टोकांवर गेले असते. काकांचं वाक्य मला तेव्हा कळलं.

"सकाळी," मी म्हणालो.

"मग चार्जरची पिन लाव."

"तिलाही झाकण आहे."

तो उठून टॉवेलशेजारी आडवा झाला आणि एक डोळा मिटून त्या फटीकडे बघायला लागला. "पण मामा, मी पडलो ते आलंय ना?"

"आलंय," मी म्हटलं. मला काहीच माहीत नव्हतं. बटण दाबायला मला उशीर झाला होता, एवढं नक्की.